लाइट गेल्यावर या

गाडीतून आवाज येतोय ही तक्रार माणसानं कुठंही करावी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत करू नये. तिथं ज्याचा आवाज येत नाही अशी गोष्ट एकच : उधारी थकवलेल्या पार्टीचा फोन. बाकी सगळं वाजतं. डावीकडं टॉवेलचा कारखाना, उजवीकडं चादरीचा, मागं वेल्डिंग, पुढं टेम्पोत गठ्ठे आपटणारे हमाल, आणि या सगळ्याच्या मधोमध पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या मेस्त्रींचं गॅरेज.

"मेस्त्री, पुढच्या डाव्या चाकाकडनं खट्ट असा आवाज येतोय," मी म्हणालो. माझं वाक्य संपायच्या आत भिंतीपलीकडचे सगळे माग एका सुरात खट्ट म्हणाले.

"कुठला?" मेस्त्रींनी विचारलं.

"आमचा."

"यातला तुमचा कुठला ते मला कसं कळंल मालक? लाइट गेल्यावर या."

मला वाटलं, मेस्त्री टाळतायत. पण नाही, ती त्यांची पद्धतच आहे. डॉक्टर रक्त तपासायला उपाशीपोटी बोलावतात, तसे मेस्त्री आवाज तपासायला लाइट गेल्यावर बोलावतात. लाइट गेली की माग थांबतात, वसाहत गप्प होते, आणि मग गाडीचा एकेक नट स्वतःहून बोलायला लागतो म्हणे. बेअरिंगचा सूर वेगळा, बुशचा वेगळा, लिंक रॉडचा तर पेटीवर काढून दाखवता येईल इतका स्वच्छ. पण लाइट गेली पाहिजे.

मी तिथूनच चार गल्ल्या पलीकडं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. उभ्या आयुष्यात लाइट गेल्यावर मी जेवढ्या शिव्या दिल्या असतील तेवढी नावं एखाद्या मतदार यादीत नसतील. त्या दिवशी मात्र सकाळपासून मी लाइट जावी म्हणून डोळे लावून बसलो. लाइट जाईना. ट्यूबलाइट साधी मिचकावेनासुद्धा. शेवटी वायरमनला बाजूला घेऊन विचारलं, "आज लाइट कधी जाईल हो?" ते नेमकं मागावरच्या अण्णांनी ऐकलं. इथं मजुरी कामावर, माग थांबला की मजुरी थांबली. अण्णांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मी त्यांच्या पोरीचं लग्न मोडायला आलोय. पाठोपाठ शेठ केबिनमधून बाहेर आले. "काय साहेब, कामाचा कंटाळा आलाय का?"

"नाही शेठ, गाडीचा आवाज ऐकायचा होता."

या उत्तरानंतर शेठ दिवसभर माझ्याशी फार मायेनं बोलले. दुपारी स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणीही दिली.

खरं तर आवाज हे सगळ्यात शेवटचं लक्षण होतं. त्याआधी गाडी वर्षभर काय-काय सांगत होती, आणि प्रत्येक सांगण्याला आम्ही दुसरंच नाव देत होतो. पहिलं नाव रस्त्याचं. ही फार सोयीची गोष्ट असते. गाडी आदळली, रस्ता खराब. गाडी डुलली, रस्ता खराब. कंबर धरली, रस्ता खराब. अक्कलकोटचा रस्ता पूर्वी असा होता की गाडीत बिघाड आहे असा संशय घ्यायला वावच नव्हता. पुढं तो चौपदरी झाला, गुळगुळीत झाला, आणि आमची पंचाईत झाली. कारण गाडी तशीच डुलत राहिली. एखाद्या पुलाचा सांधा ओलांडला की पुढचे दोन-तीन विजेचे खांब जाईपर्यंत ती वर-खाली, वर-खाली. तरीही मी आठवडाभर बायकोला सांगत होतो, "रस्ता वरून चांगला दिसतो गं, आतून बसलाय."

दर गुरुवारी आईला स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटला न्यायचं असतं. जाऊन चाळीसेक किलोमीटर. आई मागच्या सीटवर. गाडीची अवस्था सगळ्यात आधी कळते ती मागच्या सीटला. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला खड्डा येताना दिसतो, तो अंग सावरून बसतो. मागच्याला खड्डा थेट टाळूलाच कळतो. आधी आई सोलापूर सोडताना एकदा आणि अक्कलकोटची कमान दिसली की एकदा 'श्री स्वामी समर्थ' म्हणायची. हळूहळू कुंभारीलाही म्हणायला लागली, मग वळसंगलाही, मग मधल्या प्रत्येक गतिरोधकाला. मला वाटलं, वयोमानानं भक्ती वाढली. बायको म्हणाली, "त्यांची भक्ती नाही वाढली, तुमची गाडी उडतीय."

त्यातच ब्रेक मारला की बोनेट पार खाली वाकायचं आणि मग सावकाश वर यायचं. अक्कलकोटात देवळाच्या अलीकडं मी ब्रेक मारला आणि गाडीनं असा वाकून नमस्कार केला की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, गाडीलासुद्धा कळतं." त्यानंतर महिनाभर तरी गाडी मेस्त्रींकडं नेण्याचा विषय काढायची माझी छाती झाली नाही. भक्तीचं लक्षण कोणी दुरुस्तीला टाकतं का?

उपाय मात्र आम्ही करत होतो. सोलापूरचा माणूस कुठल्याही संकटावर आधी चादर घालतो, नंतर टॉवेल. आईच्या सीटवर पहिल्यांदा चादरीची चौघडी घातली. जीआय मानांकन मिळालेली असली तरी धक्क्यापुढं चादर टिकेना. मग कारखान्यातले सेकंडचे टॉवेल आणले. टॉवेलचं वजन आमच्यात जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. आधी ४०० जीएसएमचा घातला. वळसंगपर्यंत ठीक होतं. मग ५००. मग एक्स्पोर्टमधून परत आलेला ६०० चा जाडजूड, हॉटेलात असतो तसला. थरावर थर चढत गेले आणि आईचं डोकं छताला लागायला लागलं. आता धक्का खालून बसेना, वरून बसायला लागला.

कंबरदुखीवर मी पट्टा घेतला. टायरवाल्याकडं गेलो तर त्यानं टायरवर तळहात फिरवून सांगितलं, "जागोजागी खळगे पडलेत सर, टायर गेले." टायर खरंच गेले होते. ते का गेले हे विचारायचं त्यालाही सुचलं नाही आणि मलाही. धक्का जिरवणारं काही उरलं नाही की चाक रस्त्यावर टेकून चालत नाही, उड्या मारत चालतं. जिथं आपटतं तिथं झिजतं, त्याचेच ते खळगे. मी दोन नवे टायर घातले. नव्या टायरनी उड्या जास्त उत्साहानं मारल्या. मग अलाइनमेंट. अलाइनमेंटवाल्याकडं जाऊन 'सगळं बरोबर आहे' असं ऐकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझंही आउट निघालं. पैसे देऊन इन करून घेतलं, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर ते पुन्हा बाहेर पडलं असावं.

या गतिरोधकाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय माझ्या कंबरेला न्याय मिळणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिनं गतिरोधक कसा असावा हे लिहून ठेवलंय : रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, वरून छान गोल, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं गाडी अलगद जावी. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाची रुंदी जेवायच्या पाटाएवढी आहे आणि उंची तो बांधणाऱ्याच्या रागाएवढी. कोणाच्या तरी दारासमोर मोटारसायकल जोरात गेली, त्यानं संध्याकाळी सिमेंट कालवलं, झालं. समोरच्याला वाटलं याच्या दारात आहे, माझ्या का नाही, म्हणून वीस पावलांवर दुसरा. दोन गतिरोधकांच्या मध्ये गाडी अशी अडकते की पुढची चाकं एकावरून उतरतात तोवर मागच्यांवर पहिल्याचा हिशेब बाकी असतो.

कारखान्यातले दोघं सहकारी पूर्वी माझ्याबरोबर गाडीतून यायचे. एक दिवस एक जण म्हणाला, "नको, मी चालत येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." दुसऱ्यालाही त्याच आठवड्यात त्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. एमआयडीसीत आरोग्याची जाणीव वाढतेय, याचं मला कौतुक वाटलं होतं.

तर लाइट काही गेली नाही आणि मी संध्याकाळी गाडी घेऊन पुन्हा गॅरेजला गेलो. मेस्त्री चहाला गेले होते. त्यांचा हाताखालचा बारक्या म्हणाला, "दाबून बघू की." त्यानं बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, जोर देऊन दाबलं आणि सोडलं. चांगल्या गाडीनं वर येऊन एखादा हेलकावा घेऊन थांबावं. आमची थांबेना. बारक्या बघत राहिला, मी बघत राहिलो. शेवटी ओशाळून मीच गाडीवर हात ठेवून तिला थांबवलं.

हे दाबणं आपल्याकडं एकट्यादुकट्यानं होत नाही. शिफ्ट सुटायची वेळ. समोरच्या कारखान्याचा वॉचमन आला, त्यानं उजवा कोपरा दाबला. "हा बरा हाय." टेम्पोवाला आला, त्यानं मागचा दाबला. "हे पण गेलंय." चहाच्या गाडीवरचे दोघं पेले हातात घेऊनच आले आणि कोपराने दाबून गेले. मग चौघांनी चार कोपरे धरले आणि एकानं एक-दोन-तीन म्हटलं. गाडी चारी बाजूंनी नाचायला लागली. टॉवेलला घड्या घालणाऱ्या बायका घरी निघाल्या होत्या, त्यातली एक थांबून म्हणाली, "काय झालंय ओ? अंगात आलंय व्हय गाडीच्या?"

"इंजिन फाउंडेशन गेलंय," वॉचमन म्हणाला.

"छ्या बे, लोअर आर्म," टेम्पोवाला म्हणाला.

"पेट्रोल कुठं भरता?" चहावाल्यानं विचारलं. या प्रश्नाचा रोख मला अजून कळलेला नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात मेस्त्री आले. गर्दी हटवली, जॅक लावला, चाक काढलं आणि बॅटरी मारली. पुढच्या चाकामागं उभा नळकांडा दिसत होता, त्याच्याभोवती स्प्रिंग. नळकांड्याच्या अंगावर वरून खाली तेलकट ओघळ आणि त्यावर एमआयडीसीची सगळी धूळ, कापसाच्या तंतूंसकट. मेस्त्रींनी त्यावरून बोट ओढलं आणि काळं झालेलं बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"शॉकप गेलाय. तेल टाकलालाय कवापासनं की."

"पण आवाज न ऐकताच कळलं? मग सकाळी लाइट गेल्यावर या का म्हणालात?"

"तुम्ही ऐकवायला आलता ना! बघा म्हणला असता तर सकाळीच बघितला असता."

मग त्यांनी पान्यानं एकेका गोष्टीवर टकटक करत मला शिकवणी दिली. गाडीचं वजन शॉकप उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. पण स्प्रिंगला एकदा दाबली की उडत राहायची सवय. शॉकपच्या आत तेल असतं आणि त्यात बारीक भोकांचा दट्ट्या. गाडी वर-खाली झाली की तेलाला त्या भोकांतून घुसून जावं लागतं, त्यात उडीचा सगळा जोर जातो आणि शॉकप तेवढा गरम होतो. तेल गळलं की दट्ट्या मोकळाच फिरतो आणि स्प्रिंगला कोणी बस म्हणणारं उरत नाही. "मागचा नुसता शॉकप असतो," मेस्त्री म्हणाले, "पुढचा स्ट्रट. गाडी त्याच्यावरच उभारलेली, स्टिअरिंग वळलं की हाच वळतो. म्हणून पुढचा बदलला की अलाइनमेंट परत करायला लागतंय." अलाइनमेंट हा शब्द ऐकून माझा हात आपोआप पाकिटाकडं गेला.

"तरी पण किती किलोमीटर चालतात हो हे?"

"ऐंशी हजार झाले की बघून घ्यायचं. तुमची किती झाली?"

मी मीटरकडं न बघता विषय बदलला.

दुरुस्तीला लागणाऱ्या दोन दिवसांत मी शॉकपचा इतिहास वाचून काढला, कारण सुट्या भागांपेक्षा इतिहास स्वस्त पडतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गावचे क्लॉड फॉस्टर हे गृहस्थ आधी मोटारींचे हॉर्न बनवत. हॉर्नचं नाव गॅब्रिएल. नंतर त्यांनी धक्के जिरवणारं एक यंत्र काढलं आणि कंपनी त्याच धंद्याला लागली. तेच गॅब्रिएल नाव १९६१ मध्ये मुंबईत आलं आणि आता चाकणला, नाशिकला त्या नावाचे शॉकप बनतात. म्हणजे तो माणूस हॉर्नकडून शॉकपकडं गेला. आपला प्रवास उलटा. शॉकप संपले की ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते, मग आपण शॉकप न बदलता हॉर्न वाजवतो.

खरी लढाई पुढं होती. गळत होता डावा. उजवा, वॉचमनच्या मते, बरा होता. मी मेस्त्रींना म्हणालो, "एकच बदलू या का?"

"जोडीनं बदलायचे असतात मालक. एक नवा, एक जुना घातला तर ब्रेकला गाडी लंगडंल."

"थोडी लंगडली तर?"

"आईसायबांना घेऊन जाता ना अक्कलकोटला?"

इथं बोलणं खुंटलं. घासाघीस करताना समोरच्यानं आईला मध्ये आणलं की सोलापूरकर हरतो. दुकानात गेलो तर तिथं तीन जाती : ओरिजिनल, डुप्लिकेट आणि 'ओरिजिनलच समजा'. तिसऱ्या जातीची किंमत पहिल्याच्या जवळ आणि आयुष्य दुसऱ्याच्या जवळ असतं. मेस्त्रींनी आधीच बजावलं होतं, वरची माउंटिंग आणि बेअरिंगही नवीन आणा, जुन्यावर नवा बसवला तर खट्ट तिथलं तिथंच राहील. म्हणजे ज्या खट्टसाठी मी जीव काढत होतो ते शॉकपचं नव्हतंच, त्याच्या डोक्यावरच्या रबराचं होतं.

स्ट्रट बाहेर काढल्यावर मेस्त्रींनी स्प्रिंगला दोन बाजूंनी दोन लांब आकड्यांचे बोल्ट लावले आणि पान्यानं आळीपाळीनं आवळायला सुरुवात केली. इथवर सल्ला द्यायला तुंबळ गर्दी होती. मेस्त्री मान वर न करता म्हणाले, "समोर कोण थांबू नका. सुटली तर छाताडात बसंल," आणि त्यांनी हनुवटीनं वर दाखवलं. शेडच्या पत्र्याला आतून बाहेर आलेलं एक टेंगूळ होतं. त्यावर कोणी काही विचारलं नाही. वॉचमनला आपलं गेट उघडं राहिल्याचं आठवलं, टेम्पोवाल्याला गठ्ठे आठवले. लोअर आर्मवर पैज लावायला निघालेली माणसं आता रस्त्याच्या पलीकडून बघत होती. फक्त बारक्या शेजारी उकिडवा बसून शांतपणे क्रीमरोल खात होता. स्प्रिंग एकेक वेटोळं जवळ येत दबली, वरचा नट सुटला, माउंटिंग निघाली. तिचं रबर हातात येताच दोन तुकडे झालं.

नवे शॉकप बसले. बारक्यानं बोनेट दाबून सोडलं. गाडी वर आली आणि थांबली. एवढंच. सगळे थोडे नाराज झाले. नाचाची सवय लागली होती.

तिथून अलाइनमेंटला. चाकांना आरशासारखी यंत्रं लावली, कॉम्प्युटरवर गाडीचं चित्र उमटलं, लाल आकडे हिरव्याकडं सरकायला लागले आणि डावं चाक अर्ध्यावर असताना लाइट गेली. मी ज्या लाइटनं जावं म्हणून अण्णांचे शिव्याशाप घेतले, ती आता गेली. सगळी वसाहत गप्प झाली. इतकी, की दूर कुठंतरी कुकरची शिटी ऐकू आली. कान देऊन ऐकायला याहून सुंदर वेळ नव्हती आणि माझ्या गाडीत ऐकण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. अर्धी अलाइन झालेली गाडी रॅम्पवर आणि मी खाली खुर्चीवर, असे आम्ही दीड तास बसून होतो. अलाइनमेंटवाला समजूत घालत म्हणाला, "एक चाक तर झालंय ना सर."

निघताना मी मेस्त्रींकडं जुने शॉकप मागितले. हा आपला रिवाज आहे. नवा भाग खरंच घातला का, याचा पुरावा म्हणून जुना घरी न्यायचा, आणि पुरावा तपासायची अक्कल नसल्यानं माळ्यावर ठेवायचा. आमच्या माळ्यावर मिक्सरचं भांडं, गिझरची कॉइल, दोन क्लचप्लेटा आणि मोटरपंपाचा एक इंपेलर असा ऐवज आहे. शॉकप मात्र बायकोनं उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. "तेल गळतंय त्यातनं. हे घरात आले तर मी बाहेर." म्हणून आईच्या सीटवरचा ६०० जीएसएमचा टॉवेल काढला, त्यात दोन्ही गुंडाळले आणि डिकीत टाकले. भंगारवाल्याला किलोवर घालण्याइतका मी अजून निर्दय झालो नव्हतो.

गुरुवारी अक्कलकोटला गेलो. वळसंग कधी गेलं कळलंही नाही. देवळाजवळ ब्रेक मारला तर गाडी ताठ उभी राहिली. आई थोडी हिरमुसली. म्हणाली, "बिघडवून आणलीस का रे?"

शुक्रवारी सकाळी दोन्ही सहकारी फाटकाशी चालत येताना दिसले. मी काच खाली करून बोलावलं, शॉकप बदलल्याचं सांगितलं, तशी डॉक्टरांची पथ्यं बाजूला ठेवून दोघंही मागं बसले. गल्लीचा पहिला गतिरोधक आला. मी अभिमानानं, जरा वेगातच घातली. गाडी चढली, उतरली, थांबली. एका हेलकाव्यात. आणि डिकीत टॉवेल सुटला असावा.

"मागनं कायतर वाजलालंय हो," एक जण म्हणाला.

"खडाम-खडाम करतंय," दुसरा म्हणाला, आणि मागं वळून सीटला कान लावत त्यानं निदान केलं, "मागचे शॉकप गेलेत. पुढचे उगंच बदलले तुम्ही."